बिनकामाचा फोन

"नमस्कार. बोला, कुठं जोडू?"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा स्टुलावर बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नसत. घरात फोन नुकताच आला होता. आई स्वयंपाकघरात आणि बाबा अंघोळीला गेले की मी स्टुलावर चढायचे आणि मला पाठ असलेला एकुलता एक नंबर फिरवायचे. तो शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचा होता. तिथल्या टेलिफोन बोर्डावर माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, बसायची. मी तोंडातून शब्द काढायचे नाही. नुसता श्वास. पलीकडून मग तोच आवाज, हसू गालात दाबून: "इथं चिमण्यांचा वॉर्ड नाही हं. ठेवा बघू. मोठ्या माणसांची लाइन अडते."

मी फोन ठेवून द्यायचे आणि दिवसभर पिसासारखी हलकी फिरायचे. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या सगळ्या फोनांमध्ये, नुसत्या श्वासावरून मला ओळखणारं माणूस होतं.

आत्याचा आवाज गोड नव्हता. रेडिओवरच्या बायकांसारखा घोटलेलाही नव्हता. तापलेल्या कपाळावर कुणी ओला तळहात ठेवावा, तसा होता.

एकदा बाबांबरोबर तिचा डबा द्यायला गेले होते. जिन्याखालची खोली, एक दार, खिडकी नाही. भिंतीएवढा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा आणि पुढ्यात दोऱ्यांचं जंजाळ. आत्या हेडफोन लावून बसली होती आणि तिचे हात विणकाम करावं तशा दोऱ्या इकडून तिकडे नेत होते. मध्येच उजवा हात थांबला. लाइनवर कुणीतरी रडत होतं. मला ऐकू आलं नाही, आत्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं त्या माणसाला लगेच कुठं जोडलं नाही. म्हणाली, "घाई नाही. आधी पाणी प्या. मी लाइनवरच आहे." मग दुसऱ्या दोरीतून वॉर्डाला सांगितलं, "एक पार्टी आहे, जोडते. पण जरा दमानं घ्या. अजून श्वास सापडला नाही त्यांना." बाकीच्या लुकलुकत्या दिव्यांना ती डाव्या हातानं उत्तरं देत होती. उजवा मात्र त्या एका दोरीवर होता. रडणाऱ्याचा श्वास जागेवर आला तेव्हाच तिनं ती खोचली, आणि हलकेच बाजूला झाली.

येताना बाबा म्हणाले, "तुझ्या आत्याला थांबता येतं. हे फार थोड्यांना येतं बघ."

हे तिला मोठ्या बाईंनी शिकवलं होतं. मोठ्या बाई म्हणजे तिच्या आधी बोर्डावर बसणाऱ्या. त्यांचे नियम कडक. फोन करणारा कुणीही असो, तो 'पार्टी'. पार्टीचं ऐकायचं, पार्टीला पोचवायचं. आपलं नाव सांगायचं नाही, आपलं दुखणंखुपणं काढायचं नाही. बोर्डावर बसलं की आपण नाही. आत्यानं हे इतकं अंगात मुरवलं की बोर्डावरून उठल्यावरही ती तशीच राहिली. लाइन मोकळी असली की मात्र दोऱ्यांच्या चालीवर स्वतःशीच गुणगुणायची. ओव्या जुळवायची तिला लहानपणापासून खोड. त्यातली एक मला पाठ आहे:

ह्याचा निरोप त्याला गं, त्याचा निरोप ह्याला,
माझ्या निरोपाला कुणी, दारी नाही आला.

मी ती सागरगोटे खेळताना म्हणायचे. त्यात काय आहे, हे कळायचं वय नव्हतं.

आत्यानं लग्न केलं नाही. "आधी जमलं नाही, मग मी जमवलं नाही," एवढंच सांगायची. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. आमच्याकडे तिचा फोन यायचा तो कामापुरता. आईनं उचलला तर, "वहिनी, दादाला देता?" बाबांनी घेतला की, "दादा, गोळी घेतलीस? विम्याचं काम झालं? बरं. ठेवते." झालं, संपलं.

"एक्सचेंजबाईंचा फोन होता," आई म्हणायची. "एवढी वर्षं झाली, मला कधी विचारलं नाही मेलं, वहिनी कशा आहात. मी आपली दोरी. इकडून खोचायची, तिकडे काढायची."

"अगं, तिचा स्वभाव तो," बाबा म्हणायचे.

"स्वभावाला काही औषध असतं का, तेही विचारा एकदा तिच्या हॉस्पिटलात."

आई हे चेष्टेनं बोलली होती. आत्यानं ते खरोखरच विचारलं, पण फार पुढं.

*

बोर्ड गेला. त्याच्या जागी एक यंत्र आलं. 'दाखल होण्यासाठी एक दाबा, चौकशीसाठी दोन दाबा.' आत्याची निवृत्ती तशीही जवळ आली होती. तिनं मोठ्या बाईंच्या वेळचा हेडफोन मागून घेतला, घरी आणून दारामागच्या खिळ्याला टांगला, आणि घर आवरायला काढलं. काही महिने ते पुरलं. मग घर आवरून संपलं.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं, त्यामुळे तिच्याच क्रमानं सांगते.

दिवस निःशब्द झाले, पण तिला ते जाणवलं नाही. आयुष्यभर कानात माणसांची गर्दी होती, आता जरा विसावा, असं तिला वाटत राहिलं. दुकानात जायची तर बोटानं दाखवायची. दूध दारात यायचं. वीजमीटर बघायला येणारा माणूस जिन्यातूनच जायचा. मग एके दिवशी दुकानात साबण पुढ्यात दिसेना, म्हणून तिनं तोंड उघडलं, "एक साब—" आणि पुढे नुसती हवा आली. शब्द नाही. दुकानदार म्हणाला, "घसा बसला का हो बाई?" ती मान हलवून तशीच घरी आली. आरशासमोर उभं राहून म्हणाली, "नमस्कार. बोला." आवाज आला खरा, पण गंजलेल्या बिजागरीसारखा.

आत्या घाबरली. डोळे अधू झाले असते, गुडघे गेले असते, तर तिनं निभावून नेलं असतं. पण आवाज? जन्मभर तिच्याजवळ दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती आपल्याच हॉस्पिटलात घशाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आ करायला लावलं, बारीक आरसा आत घातला, दिवा फिरवला.

"घसा एकदम स्वच्छ आहे. लहान मुलासारखा."

"मग आवाज का येईना?"

डॉक्टरांनी दिवा बंद केला. "शेवटचं कुणाशी बोललात? दुकान, बस, असलं सोडून. पोटभर बोललात असं."

आत्या आठवू लागली. डॉक्टर हात धुऊन, पुसून परत आले तरी ती आठवतच होती.

"एक काम करा," ते खुर्ची जवळ ओढून म्हणाले. "आपल्याकडे समुपदेशन आहे. डॉक्टरबाई चांगल्या आहेत. त्यांचं एक्स्टेन्शन—"

"चौतीस," आत्या म्हणाली.

तिला माहीत नसेल तर कुणाला? वर्षानुवर्षं तिनं चौतीसला माणसं जोडली होती. कुणाला झोप नव्हती, कुणाचं घर मोडलं होतं, कुणी नुसतंच 'मला काही सुचत नाही हो' म्हणायचं. आत्या म्हणायची, "जोडते." चौतीसवरून आवाज यायचा, "जोडा." दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. त्या दारात जाणाऱ्या एकाही माणसाला आत्यानं मनातही कधी कमी लेखलं नव्हतं. पण स्वतः जायचं म्हटल्यावर जमेना. घरी येऊन ती फोनसमोर बसायची, उठायची, भांडी घासायची, पुन्हा बसायची. आपल्याला झालंय काय? हात-पाय धड, पेन्शन आहे, डोक्यावर छप्पर आहे. एकटेपणा हा काय आजार आहे का?

शेवटी केला फोन. यंत्रानं आकडे दाबायला लावले, मग एका मुलीनं उचलला. "पेशंटचं नाव सांगा."

आणि इथं आत्याची जीभ जन्माच्या सवयीनं वळली. "एक पार्टी आहे," ती म्हणाली. "त्यांना वेळ हवी होती."

बोलून गेली आणि मग मागे घेता येईना. ठरल्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून त्या खोलीत गेली. सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या, खिडकीत पाण्याचा तांब्या, वर कुरकुरणारा पंखा. डॉक्टरबाई तिच्यापेक्षा थोड्या लहान, केस आखूड, चष्मा कपाळावर चढवलेला.

"नमस्कार," आत्या म्हणाली. "पार्टी आलेली नाही. मी त्यांच्या वतीनं आले आहे."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. चष्मा खाली घेतला. "बसा ना. त्या का नाही आल्या?"

"संकोची आहेत जरा."

"तुमच्या कोण?"

"शेजारी." आत्या जरा थांबली. "भिंतीला भिंत आहे आमची."

"म्हणजे तुम्हाला बरंच ऐकू येत असेल त्यांचं."

"काहीच ऐकू येत नाही," आत्या म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, लिहिलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. विचारलं, "त्या सकाळी उठल्यावर पहिलं काय बोलतात?"

"कुणाशी?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात याल? त्या आल्या तर उत्तम, नाहीतर तुम्हीच या. आणि त्यांना माझा एक निरोप द्याल? दुकानात गेल्या की कामापेक्षा एक वाक्य जास्त बोलायचं. एकच."

"पोचवते," आत्या म्हणाली. निरोप पोचवण्यात ती कधी चुकली नव्हती.

पुढच्या वेळी तिनं चोख अहवाल दिला. "पार्टीनं केलं. साबण घेतला आणि म्हणाली, आज ऊन फार आहे. दुकानदार म्हणाला, हो ना. त्यापुढे काय बोलायचं ते पार्टीला सुचलं नाही."

"दुकानदाराला सुचलं?"

"नाही. तो पण बघतच राहिला."

"मग बरोबरी झाली की," डॉक्टरबाई म्हणाल्या.

असं चाललं. आत्या 'पार्टी'चं सांगायची, डॉक्टरबाई 'पार्टी'ला निरोप द्यायच्या. जिना चढताना कुणी भेटलं तर थांबायचं. दाराला आतून कडी लावण्याआधी बाहेर एकदा डोकावायचं. पार्टीला रात्रीपेक्षा दुपार उतरते ती वेळ जास्त खायला उठते, हेही आत्यानं सांगितलं. ते सांगताना तिचा आवाज पुन्हा बिजागरीसारखा वाजला. डॉक्टरबाईंनी तांब्यातलं पाणी ओतून पेला पुढे सरकवला आणि ती पिऊन होईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

मग एकदा त्या म्हणाल्या, "आता एक अवघड निरोप. पार्टीनं आपल्या माणसाला एक फोन करायचा. बिनकामाचा."

"म्हणजे?"

"ज्यात काही काम नाही असा."

"असा फोन असतो?" आत्यानं मनापासून विचारलं. "मग लाइन उगाच अडते ना."

"अडू दे की."

*

आता आमच्या घरची बाजू सांगते. मी तेव्हा नोकरीला लागले होते आणि आई-बाबांकडेच राहत होते. एका संध्याकाळी आईनं फोन ठेवला आणि विचारात पडली.

"तुझ्या आत्याचा होता. विचारत होती, किती वाजले."

"घड्याळ बंद पडलं असेल."

"मोबाइलवरून फोन केला तिनं. त्यात दिसतं की."

पुढच्या फोनला आत्यानं विचारलं, तिची छत्री आमच्याकडे राहिली आहे का. ती कधी छत्री घेऊन आलीच नव्हती. त्याच्या पुढच्या वेळी, आमच्या जिन्याच्या दिव्याचा रंग पांढरा आहे की पिवळा. प्रत्येक वेळी फोन करायचा, पलीकडून आईचा आवाज आला की तोंडातून काहीतरी काम बाहेर पडायचं. काम नसलेला फोन तिच्या हातून होईचना. आणि मग ती शिडीपर्यंत आली.

"शिडी आहे का विचारत होती," आई म्हणाली. आता तिचा आवाज गंभीर झाला होता. "तिसऱ्या मजल्यावर एकटी बाई, वय झालेलं, आणि शिडी कशाला हवी? बघा हो जरा. चढेल, पडेल, कळायचंसुद्धा नाही कुणाला."

बाबा साधे. बहिणीनं मागितली म्हणजे लागत असणार. त्यांनी माळ्यावरून लाकडी शिडी काढली, पुसली, खांद्यावर घेतली आणि बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "काका, हिचं अर्धं तिकीट की पूर्ण?" बाबा म्हणाले, "ती उभ्यानंच येणार आहे हो, सीट नको तिला." सगळी बस हसली. शिडी मागच्या दारातून आत आणि पुढच्या दारातून थोडी बाहेर, अशी वाजतगाजत आत्याकडे पोचली.

आत्यानं दार उघडलं. दारात घामेजलेला दादा, आणि दादापेक्षा उंच शिडी. दादानं शिडी भिंतीला टेकवली, पाणी प्यायला, म्हणाला, "कुठं चढायचंय? मी चढतो." चढायचं कुठंच नव्हतं. आत्यानं मुकाट्यानं न्हाणीघरातला धडधाकट दिवा दाखवला. दादानं तो काढून पुन्हा बसवला, "आता बघ कसा लागतो," म्हणाला आणि शिडी ठेवून निघून गेला. "वहिनीनं सांगितलंय, ठेव तुझ्याकडेच. आणि एकटी चढू नकोस."

शिडी दोन खोल्यांत मावेना. आत्यानं ती दाराबाहेर, जिन्याच्या कठड्याला उभी केली. आणि काय सांगू, त्या शिडीनं इमारतीत जे केलं ते एवढ्या वर्षांत आत्याला जमलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरची शिक्षिका दार वाजवत आली. "शिडी तुमची? जरा नेऊ का? पंख्यावर मांजर बसलंय." मग वरच्या मजल्यावरचे पेंटर आले. त्यांची स्वतःची शिडी कुणीतरी नेली ती परत दिलीच नव्हती. प्रत्येकाबरोबर आत्याला जावं लागे, कारण वहिनीचा हुकूम होता, 'एकटं चढायचं नाही', आणि तो निरोप ती प्रत्येकाला पोचवायची. खाली उभं राहून शिडी धरायची. शिडी धरलेलं माणूस गप्प कसं राहणार? वर चढलेल्याला भीती वाटते. मग ती म्हणायची, "घाई नाही. मी धरलीय. डावा पाय खाली घ्या, हं, असा." तो तिचा जुना आवाज, ओल्या तळहातासारखा. मांजर घेऊन उतरताना शिक्षिका म्हणाली, "तुमचा आवाज किती ओळखीचा वाटतो हो! माझी आई हॉस्पिटलात होती ना, तेव्हा..." आणि तिथंच, शिडीच्या पायथ्याशी, मांजराला कुरवाळत दोघी बोलत उभ्या राहिल्या.

*

ही सगळी गोष्ट आत्या डॉक्टरबाईंना सांगायला गेली. अर्थातच पार्टीची म्हणून.

"पार्टीनं फोन केला होता. पण बिनकामाचा जमला नाही. शिडी मागितली तिनं."

"शिडी?" डॉक्टरबाईंच्या कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"हो ना. आणि पार्टीचा भाऊ घेऊन आला की बसमधून! कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट का..." आत्याला हसू फुटलं. आवरू गेली तर जास्तच. "आणि दारात उभा, घामाघूम, म्हणतो कुठं चढू? अहो, कुठं चढणार? मी न्हाणीघरातला दिवा दाखवला, चांगला चालू होता, तर माझ्या दादानं तो काढून परत—"

ती थांबली. पंखा कुरकुरला. डॉक्टरबाई हसता हसता थांबल्या होत्या, पण काही म्हणाल्या नाहीत. ना 'बघा', ना 'अच्छा'. तांब्याकडे हातही नेला नाही. नुसत्या होत्या.

आत्यानं पदरानं डोळे पुसले. आधी हसण्याचे होते, मग कशाचे ते तिला कळेना. खुर्चीत ताठ बसली, जशी बोर्डासमोर बसायची.

"डॉक्टर," ती म्हणाली, "पार्टी लाइनवर आहे."

"जोडा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या दिवशी ती किती वेळ बोलली हे तिला सांगता आलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही 'नमस्कार' म्हणालात तेव्हाच. तो आवाज मी रोज ऐकत होते. तुम्ही माझ्याकडे पाठवलेली माणसं रडून मोकळी होऊन यायची. माझं निम्मं काम तुम्ही करून द्यायचात, हे सांगायला मी कितीदा जिन्याखाली यायचं म्हणत होते. राहून गेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"श्वास सापडायच्या आधी तुम्ही कधी कुणाला जोडलंत का?"

मला ह्या डॉक्टरबाई कधी भेटलेल्या नाहीत. पण त्यांच्याबद्दल विचार केला की मला ते दोन हात दिसतात, एक दिव्यांवर फिरणारा आणि एक त्याच दोरीवर थांबलेला. आणि आत्याबद्दल काय बोलू? त्या वयात त्या खोलीचं दार ढकलायचं, पार्टीचं नाव पुढे करून का होईना, दर आठवड्याला इस्त्रीची साडी नेसून पुन्हा जायचं, याला किती धीर लागतो ते मला आता कुठं कळतंय.

निघताना डॉक्टरबाईंनी तिला आठवण केली. "तो फोन राहिलाय. मी ऐकेन, हवं तितके दिवस ऐकेन. पण मी पगारी कान आहे. घरच्या कानांना कळू द्या. आणि आता निरोप पाठवायचा नाही. तुम्हीच करायचा."

"दादाला सांगितलं तर तो ट्रक घेऊन येईल. सामानासकट उचलून नेईल मला."

"मग दुसऱ्या कुणाला?"

आत्या विचार करत जिना उतरली. जिन्याखालच्या खोलीला आता कुलूप होतं. ती तिथं जरा उभी राहिली.

*

त्या संध्याकाळी बाबा फिरायला गेले होते. आई कणीक मळत होती, हात पिठानं भरलेले. फोन वाजला. "बघ गं, तुझ्या आत्याचा असेल. स्पीकरवर टाक."

मी टाकला. आई जोरात म्हणाली, "बोला वन्सं! आज काय हवंय? कुऱ्हाड?"

पलीकडून काहीच नाही. तुटला की काय, म्हणून मी फोन कानाजवळ नेला. तुटला नव्हता. श्वास ऐकू येत होता, नुसता श्वास. मी स्टुलावर बसले होते, पाय आता जमिनीला टेकत होते.

"इथं चिमण्यांचा वॉर्ड नाही हं," मी म्हणाले.

पलीकडे हसू फुटलं, ओलं, फाटकं. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचे हात परातीत तसेच थांबले.

"वन्सं? बरं आहे ना सगळं? हे फिरायला गेलेत. आले की देते त्यांना."

"नको," आत्या म्हणाली. "दादाला नको. वहिनी, तुमच्याशीच बोलायचंय."

आईनं हात न धुताच मनगटानं खुर्ची ओढली आणि फोनसमोर बसली. "बोला. काय काम होतं?"

आत्या थांबली. आई काही म्हणाली नाही. मीही नाही. कुठून शिकली होती कोण जाणे, पण माझी आईसुद्धा थांबली.

"काम काही नाही, वहिनी," आत्या म्हणाली. "मला करमत नाही. किती वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही. मला एकटीला अजिबात करमत नाही हो."